‘रिफिल्स : ३’ म्हणजे एकूण बाटल्या किती?

गेल्या मे महिन्यात सासरे सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आले, ते रक्तदाबाच्या गोळीची चिठ्ठी लॅमिनेट करून. डॉक्टरांची सही, खाली ‘चालू ठेवणे’ असा शेरा आणि तारीख सहा वर्षांपूर्वीची. “फाटायला लागली होती गं, म्हणून केली,” म्हणाले. तिकडे कोपऱ्यावरचा मेडिकलवाला ती उलगडूनही बघत नाही. “काका, नेहमीचंच ना?” म्हणतो आणि गोळ्यांची पाकिटं काढून देतो.

इथं ती कुठल्याच काउंटरवर चालणार नव्हती. सोबत आणलेल्या तीन महिन्यांच्या गोळ्या संपत आल्या तसं त्यांना इथल्या डॉक्टरकडे नेलं आणि संध्याकाळी घरात नारिंगी बाटली आली. लेबलवर ‘रिफिल्स : ३’. रिफिल म्हणजे त्याच चिठ्ठीवर तेच औषध पुन्हा भरून घेणं. बाबांनी बोटांवर हिशेब केला. “तीनातली एक आली, दोन राहिल्या.” मी म्हटलं, “बाबा, तीन राहिल्या.” त्यांचा काही विश्वास बसला नाही.

मी आठ वर्षं फार्मसीत टेक्निशियन आहे. ट्रेवर गोळ्या ओतायच्या, पातळ पट्टीनं पाच-पाच करून बाजूला सरकवायच्या, हेच दिवसभर चालतं. त्या मोजणीवरून भांडण क्वचितच होतं. भांडणं होतात ती चिठ्ठी किती वेळा चालेल यावरून, कारण एकाच बाटलीचा हिशेब तीन जण ठेवतात. डॉक्टर आणि कायदा परवानग्या मोजतात, इन्शुरन्सवाले दिवस मोजतात आणि औषध कंपन्यांसाठी आकडे गोळा करणारे चिठ्ठ्या मोजतात. पहिल्या दोन हिशेबांत तुम्ही अडकू शकता, म्हणून ते सविस्तर सांगते. तिसरा मजेचा आहे, तो शेवटी.

आधी लेबल वाचा

बाटली हातात घेतली की चार गोष्टी शोधा. पहिला आरएक्स नंबर. हा त्या चिठ्ठीचा नंबर, औषधाचा नव्हे. त्याच डॉक्टरनं तेच औषध पुन्हा लिहून दिलं की नवा नंबर पडतो. फोनवरून रिफिल मागताना घरात तीन जुन्या बाटल्या असतील, तर सगळ्यात अलीकडच्या बाटलीवरचा नंबर सांगा. अर्धे लोक जुना नंबर दाबतात आणि ‘रिफिल शिल्लक नाही’ हे ऐकून घाबरतात.

दुसरी गोष्ट क्वांटिटी, म्हणजे बाटलीतल्या गोळ्या. तिसरी, शिल्लक रिफिल्स. चौथी म्हणजे तारखा, आणि इथं आपली माणसं हमखास घसरतात. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस लिहितात. ‘रिफिल्स २, ०१/१०/२६ पर्यंत’ असं लिहिलं असेल तर ती १० जानेवारी आहे, १ ऑक्टोबर नाही. पुण्याहून आलेल्या एक काकू ऑक्टोबरपर्यंत मुदत आहे असं समजून फेब्रुवारीत माझ्यासमोर उभ्या होत्या. लेबलवर ‘अमुक तारखेनंतर टाकून द्या’ अशीही एक तारीख असते. ती गोळ्यांची, तिचा रिफिलशी संबंध नाही.

परवानग्यांचा हिशेब

डॉक्टर लिहितात तो रिफिलचा आकडा पहिल्या बाटलीनंतरचा असतो. म्हणून रिफिल्स ३ म्हणजे एकूण चार बाटल्या, रिफिल्स ५ म्हणजे सहा आणि रिफिल्स ० म्हणजे एकच. आमच्या कॉम्प्युटरमधून इन्शुरन्सकडे जो क्लेम जातो त्यात पहिल्या वेळेला फिल नंबर ० असतो, मग १, २, ३. जमिनीवरच्या मजल्याला शून्य म्हणून पुढं मजले मोजावेत, तसं.

बाबांच्या बाटलीत ३० गोळ्या होत्या, दिवसाला एक. चार बाटल्या म्हणजे १२० दिवस. इथंच एक छोटी फट राहते, ती सांगून ठेवते. वर्षाची सोय म्हणून डॉक्टर ३० गोळ्या आणि ११ रिफिल्स लिहितात. बारा बाटल्या, ३६० गोळ्या. नव्वद गोळ्या आणि ३ रिफिल्स लिहिल्या तरी ३६०च. वर्ष मात्र ३६५ दिवसांचं. शेवटचे पाच दिवस कुणाच्याच हिशेबात नसतात, त्यामुळे वार्षिक तपासणीची अपॉइंटमेंट बरोबर वर्षानं न घेता दोन-तीन आठवडे आधी घ्या.

काही वेळा आम्ही तीन बाटल्या एकत्र करून नव्वद गोळ्या देतो. राज्याचा नियम आणि इन्शुरन्स दोन्ही परवानगी देत असतील तरच. मग ‘३० गोळ्या, २ रिफिल्स’ अशी चिठ्ठी एका फेरीत संपते आणि लेबलवर शून्य उमटतं. “तुम्ही माझ्या दोन रिफिल्स खाल्ल्या” असं मला एका गृहस्थानं ऐकवलं होतं. त्या त्यांच्या हातातल्या मोठ्या बाटलीत होत्या.

उलटही होतं. स्टॉक कमी असला की आज दहा गोळ्या आणि दोन दिवसांनी उरलेल्या वीस दिल्या जातात. ही एकच बाटली धरतात, रिफिल खर्च होत नाही. तयार केलेली बाटली तुम्ही न्यायलाच आला नाहीत तरी घाबरू नका. साधारण दोन आठवड्यांत ती परत कपाटात जाते, इन्शुरन्सचा क्लेम उलटवला जातो आणि रिफिल पुन्हा तुमच्या खात्यावर येतं.

रिफिलला डॉक्टरची परवानगी लागते हे अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात स्पष्टपणे आलं ते १९५१ च्या डरहॅम-हम्फ्री दुरुस्तीनं. चिठ्ठीवर मिळणारं औषध आणि बिनचिठ्ठीचं औषध अशी रेघ त्याच दुरुस्तीनं मारली. ती मांडणारे खासदार कार्ल डरहॅम आणि ह्युबर्ट हम्फ्री दोघंही मुळात फार्मासिस्ट होते. हम्फ्री पुढं देशाचे उपाध्यक्ष झाले. काउंटरमागच्या माणसांनी केलेला कायदा आहे, हे मला कामावर कंटाळा आला की आठवतं.

तारखेनं बुडणारे रिफिल

आकडा शिल्लक असला म्हणजे रिफिल शिल्लक आहे असं नाही. साध्या औषधाची चिठ्ठी बहुतेक राज्यांत एक वर्ष चालते, आणि ते वर्ष मोजतात डॉक्टरनं ती लिहिली त्या दिवसापासून. तुम्ही पहिली बाटली कधी घेतली याला महत्त्व नाही.

समजा १० जानेवारी २०२५ ला ३० गोळ्या आणि ११ रिफिल्सची चिठ्ठी लिहिली गेली. घरी दोन महिन्यांचा जुना साठा होता, म्हणून पहिली बाटली १० मार्चला घेतली. पुढं दर तीस दिवसांनी नियमानं गेलात: ९ एप्रिल, ९ मे, ८ जून, असं करत ४ जानेवारी २०२६. ही अकरावी बाटली. बारावीची पाळी ३ फेब्रुवारीला येणार, पण चिठ्ठी १० जानेवारीलाच संपली. लेबलवर ‘१ रिफिल’ दिसतंय आणि ते मिळणार नाही. भारतातून आणलेल्या गोळ्या आधी संपवू, असं म्हणणाऱ्या प्रत्येक घरात हे होतं.

झोपेच्या, चिंतेच्या, तीव्र वेदनेच्या औषधांना नियम आणखी कडक आहेत. अमेरिकेत नियंत्रित, म्हणजे सवय लागू शकणाऱ्या किंवा गैरवापर होऊ शकणाऱ्या औषधांचे पाच वर्ग आहेत. दुसऱ्या वर्गातल्या औषधांना रिफिल मुळी नसतंच. तीव्र वेदनेसाठीचं ऑक्सिकोडोन, लक्ष टिकवण्यासाठी दिलं जाणारं अ‍ॅडरॉल ही त्यातली. डॉक्टर हवं तर एकाच भेटीत एकूण ९० दिवसांपर्यंतच्या वेगवेगळ्या चिठ्ठ्या लिहून ठेवतात, पुढच्या प्रत्येकीवर ‘या तारखेआधी देऊ नये’ असा शेरा घालून. त्या सगळ्या नव्या चिठ्ठ्या, एका चिठ्ठीची रिफिल्स नव्हेत.

तिसऱ्या आणि चौथ्या वर्गाला जास्तीत जास्त पाच रिफिल्स आणि लिहिल्यापासून सहा महिने, यातलं जे आधी संपेल ते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडोल चौथ्या वर्गात येतात. आता हे बघा. १ मार्चला लिहिलेली चिठ्ठी, ३० गोळ्या, ५ रिफिल्स. दर तीस दिवसांनी गेलात तर सहावी बाटली २९ जुलैला हातात येते, सगळं वेळेत. पण गोळी अधूनमधूनच घेता म्हणून दर वेळी आठवडाभर उशिरा गेलात, तर तारखा होतात ७ एप्रिल, १४ मे, २० जून, २७ जुलै आणि २ सप्टेंबर. मुदत १ सप्टेंबरची. एका दिवसानं शेवटचं रिफिल बुडालं. कमी गोळ्या घेणाऱ्यालाच हा फटका बसतो, याची मला गंमत वाटते आणि थोडा रागही येतो.

इन्शुरन्स मोजतो ते दिवस

रिफिल शिल्लक, तारीख चालू, तरी काउंटरवर उत्तर येतं: ‘अजून लवकर आहे’. हे नाकारणं बहुतेक वेळा आमचं नसतं, इन्शुरन्सच्या कॉम्प्युटरचं असतं. क्लेम पाठवला की दोन-तीन सेकंदांत ‘रिफिल टू सून’ म्हणून परत येतो. नाकारण्याचा हा कोड ७९, आमच्याकडे सगळ्यांना पाठ.

इन्शुरन्सला गोळ्यांशी देणंघेणं नाही, ‘किती दिवस पुरेल’ या आकड्याशी आहे. आधीच्या साठ्याचा साधारण ७५ ते ८५ टक्के काळ उलटला की पुढचं रिफिल मंजूर होतं. नक्की टक्केवारी प्रत्येक योजनेची वेगळी. ८० टक्के धरले तर तीस दिवसांच्या बाटलीला २४ दिवस आणि नव्वदच्या बाटलीला ७२ दिवस. कॅलेंडरवर तेवढी एक खूण केलीत तरी पुष्कळ हेलपाटे वाचतील.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो डोस बदलल्यावर. डॉक्टर फोनवर सांगतात, “साखर वाढलीय, उद्यापासून दोन घ्या.” तुम्ही दोन घेता. तीस दिवसांची बाटली पंधरा दिवसांत रिकामी होते. आमच्याकडे मात्र अजून ‘दिवसाला एक’च लिहिलंय, म्हणून इन्शुरन्सच्या लेखी तुमच्या घरी पंधरा गोळ्या असायला हव्यात. इथं फार्मासिस्टशी हुज्जत घालून उपयोग नाही. डॉक्टरच्या ऑफिसला सांगा की नव्या डोसची नवी चिठ्ठी पाठवा. चिठ्ठी आली, सूचना बदलली, क्लेम पास होतो. आणि जुनी चिठ्ठी रद्द करायला सांगायला विसरू नका. ती ऑटो-रिफिलवर असेल तर पुढच्या महिन्यात दोन्ही बाटल्या तयार होतात, आणि घरात आजी दोन्हीतून गोळ्या घेतात.

डोळ्यांच्या थेंबांचा हिशेब तर बघण्यासारखा आहे. काचबिंदूसाठीच्या लॅटानोप्रॉस्टची बाटली अडीच मिलिलिटरची. आम्ही एका मिलिलिटरला वीस थेंब धरतो, म्हणजे पन्नास थेंब. रोज रात्री दोन्ही डोळ्यांत एक-एक, तर पंचवीस दिवस. चिठ्ठीवर ‘दोन्ही डोळे’ लिहायचं राहिलं आणि कुणी एकच डोळा समजून पन्नास दिवस टाकले, की पुढचं रिफिल दोनेक आठवडे अडकतं. त्यात थरथरत्या हातानं दोन थेंब गालावर जातात ते वेगळेच. घरात कुणी थेंब घालत असेल तर पावतीवर दिवसांचा आकडा किती टाकलाय ते विचारून घ्या. चुकला असेल तर आम्ही तो दुरुस्त करून क्लेम पुन्हा पाठवू शकतो. विचारल्याशिवाय मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

दिवाळीला किंवा लग्नाला दोन महिने भारतात जाणार असाल तर ‘व्हेकेशन ओव्हरराइड’ मागा. पुष्कळ योजना वर्षातून एखाद्या वेळी प्रवासासाठी आगाऊ साठा मंजूर करतात. विमानाच्या आदल्या दिवशी नको, दहा-बारा दिवस आधी. मंजूर झालं नाही आणि औषध साधं, स्वस्त असेल, तर इन्शुरन्स बाजूला ठेवून रोख पैशानं घेता येतं का विचारा. कोड ७९ फक्त इन्शुरन्सचा अडसर आहे. नियंत्रित औषधांना ही पळवाट नाही.

आई-वडील व्हिजिटर म्हणून आले असतील तर त्यांना हा दिवसांचा हिशेब सहसा लागूच होत नाही, कारण प्रवासाचा विमा जुन्या आजाराची औषधं बहुधा देत नाही. सगळं रोखीचं. त्यांनी येताना नव्वद दिवसांपर्यंतची औषधं मूळ पाकिटात आणावीत आणि चिठ्ठीवर ब्रँडसोबत औषधाचं मूळ नाव डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. ‘अमलोडिपिन ५’ म्हटलं की इथल्या डॉक्टरला लगेच कळतं. आपल्याकडच्या ब्रँडची नावं इथं कुणी ओळखत नाही.

शून्य झाल्यावर

रिफिल संपलं की आम्ही डॉक्टरला ‘रिफिल रिक्वेस्ट’ पाठवतो. डॉक्टरनं हो म्हटलं की लोक म्हणतात रिफिल वाढवून मिळालं. नियमानं ती नवी चिठ्ठी आहे. नवा आरएक्स नंबर, लिहिल्याची नवी तारीख, पुन्हा शून्यापासून मोजणी. ऑफिसकडून उत्तर यायला दोन-तीन दिवस सहज जातात, म्हणून शेवटची बाटली उघडली त्याच दिवशी विनंती करून टाका.

घर बदललं आणि चिठ्ठी दुसऱ्या फार्मसीत हलवली, तर शिल्लक रिफिल्स सोबत जातात. नवी फार्मसी आपला नंबर देते, पण लिहिल्याची तारीख जुनीच राहते. वर्षाचं घड्याळ काही मागं फिरत नाही. तिसऱ्या ते पाचव्या वर्गातल्या औषधांची रिफिल्स साधारणपणे एकदाच हलवता येतात. अपवाद आहे तो एकच चालू माहितीसाठा वापरणाऱ्या, म्हणजे बहुधा एकाच साखळीतल्या दुकानांचा. तेव्हा उन्हाळ्यापुरतं मुलीकडे राहायला जाणार म्हणून घाईनं चिठ्ठी हलवू नका, परत आणता यायची नाही.

बाबांना हे सगळं ऐकून वाटलं की भारतात असलं काही झंझट नाही. झंझट आहे, पाळलं जात नाही एवढंच. १९४५ च्या औषध नियमांतला नियम ६५ सांगतो की डॉक्टरनं पुन्हा द्यावं असं लिहिलं नसेल तर चिठ्ठी एकदाच चालते. किती वेळा किंवा किती दिवसांनी ते लिहिलं असेल तर तसंच वागायचं, आणि दर वेळी दुकानदारानं आपलं नाव, पत्ता आणि तारीख चिठ्ठीवर टाकायची. शेड्यूल एक्सच्या, म्हणजे सगळ्यात कडक यादीतल्या औषधांना चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, त्यातली एक दुकानदार दोन वर्षं सांभाळतो. मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ च्या, म्हणजे काही प्रतिजैविकं वगैरेंच्या यादीतल्या औषधांसाठी वेगळं रजिस्टर आणि तीन वर्षं जपणूक आली. ‘चालू ठेवणे’ या शेऱ्यात ना आकडा आहे ना मुदत. आणि लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का उठत नाही, हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

कंपन्या मोजतात त्या चिठ्ठ्या

माझा मावसभाऊ पुण्यात बसून अमेरिकेतल्या औषधविक्रीचे तक्ते बनवतो. त्याच्या तोंडी सारखे तीन शब्द असतात: टीआरएक्स, एनआरएक्स, एनबीआरएक्स. ही आकडेवारी पुरवणाऱ्यांत मोठं नाव आयक्यूव्हिया. १९५४ मध्ये सुरू झालेली आयएमएस ही कंपनी २०१६ मध्ये क्विंटाइल्स या कंपनीत विलीन झाली आणि पुढच्या वर्षी त्या एकत्रित कंपनीनं हे नाव घेतलं. फार्मसीतून बाहेर पडलेली बहुतेक प्रत्येक बाटली रुग्णाचं नाव काढून टाकून अशा हिशेबात जमा होते.

टीआरएक्स म्हणजे एकूण: नव्या चिठ्ठ्या अधिक रिफिल्स. एनआरएक्स म्हणजे फक्त नव्या चिठ्ठ्या, ज्यांचा फिल नंबर ० आहे. ‘नवी’ हा शब्द इथं फसवा आहे. एकच गोळी, रोज एक, वर्षभर, ३६० गोळ्या, असा एकच माणूस घ्या. त्याच्या डॉक्टरनं ३० गोळ्या आणि ११ रिफिल्स लिहिल्या तर एनआरएक्स १, टीआरएक्स १२. दर तीन महिन्यांनी बोलावून ३० गोळ्या आणि २ रिफिल्स लिहिणारा डॉक्टर असेल तर एनआरएक्स ४, टीआरएक्स १२. नव्वद गोळ्या आणि ३ रिफिल्स असतील तर एनआरएक्स १ आणि टीआरएक्स फक्त ४. माणूस तोच, गोळ्या तेवढ्याच.

नव्वदच्या बाटल्यांमुळे विक्री घसरल्यासारखी दिसू नये म्हणून आकडे तीस दिवसांवर आणतात. आयक्यूव्हियाच्या पद्धतीत ८४ किंवा जास्त दिवसांची बाटली तीन धरतात, त्याखालची एकच. म्हणजे ६० दिवसांची बाटलीसुद्धा एकच.

औषध खरोखर नव्यानं किती जणांनी सुरू केलं, हे कळायला एनबीआरएक्स लागतं. त्यासाठी त्याच अनामिक रुग्णाचा मागचा काही काळ तपासतात: हा ब्रँड त्यानं आधी घेतला होता का? नसेल तर तो नवा, मग तो उपचारच नव्यानं सुरू करणारा असो, दुसऱ्या औषधावरून आलेला असो किंवा जोडीला हे सुरू केलेला असो. वरच्या माणसाचा पहिल्या वर्षी एनबीआरएक्स १, दुसऱ्या वर्षी शून्य, चिठ्ठ्या कितीही नव्या निघोत.

दुसऱ्या वर्गातल्या औषधांना रिफिलच नसल्यामुळे तिथं टीआरएक्स आणि एनआरएक्स एकच. हायड्रोकोडोन असलेल्या वेदनाशामक गोळ्या ऑक्टोबर २०१४ मध्ये तिसऱ्या वर्गातून दुसऱ्यात टाकल्या गेल्या, तेव्हापासून त्यांची प्रत्येक बाटली ‘नवी चिठ्ठी’ झाली. तक्ता वाचणाऱ्याला हा बदल ठाऊक नसेल तर त्याला वाटणार, डॉक्टरांचं या औषधावरचं प्रेम एकाएकी उफाळून आलं.

बाबांनी चारपैकी दोन बाटल्या नेल्या आणि ऑक्टोबरात सांगलीला परतले. मावसभावाच्या तक्त्यात ते एनआरएक्स १, टीआरएक्स २. आयुष्यात पहिल्यांदाच अमेरिकेत गोळी घेतल्यामुळे, मागचा काळ तपासूनही, ते नव्यानं औषध सुरू करणाऱ्यांत मोडणार. रक्तदाब सतरा वर्षांचा आहे.